गाडी न पकडणाऱ्यांचं स्टेशन

इंग्लंडवर मराठीत काही कमी लिहिलं गेलेलं नाही. पुलंच्या ‘अपूर्वाई’पासून ते मुलाकडे राहून आलेल्या आजी-आजोबांनी हौसेने छापून घेतलेल्या पुस्तिकांपर्यंत बिग बेन, स्ट्रॅटफर्ड, लेक डिस्ट्रिक्ट आणि तिथला पाऊस मराठी वाचकाला पाठ झाला आहे. या पुस्तकात त्यातला पाऊस तेवढा आहे. हे पुस्तक चेशर परगण्यातल्या क्रू नावाच्या रेल्वे जंक्शनबद्दल आहे, आणि त्याहून जास्त तिथल्या फलाटावर तासन्‌तास उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघणाऱ्या मंडळींबद्दल. मी त्यांच्यातला पाहुणा. व्हिसाच्या अर्जातल्या ‘प्रवासाचा उद्देश’ या रकान्यात मी ‘पर्यटन’ लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त माझं बहुतेक पर्यटन बारा फलाटांच्या आत उरकलं.

एखाद्या रेल्वेवेड्याला इंग्लंडमधलं एकच स्टेशन बघायची मुभा दिली, तर तो बहुधा यॉर्क मागेल. १८७७ साली उघडलेल्या त्या स्टेशनाचं वळत गेलेलं कमानदार छत खरोखर देखणं आहे. शेजारीच राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे आणि त्यात ‘मॅलार्ड’ उभं आहे. ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैलांचा वेग गाठणारं, वाफेच्या इंजिनांचा विक्रम आजही स्वतःच्या नावावर ठेवणारं ते निळं इंजिन. क्रूमध्ये डोळ्यांत भरावं असं काही नाही. लोखंडी पादचारी पूल, विटांच्या जुन्या भिंती, चहाची दुकानं आणि वारा. पण इथे सहा दिशांनी रूळ येऊन मिळतात: दक्षिणेकडून लंडनचे, उत्तरेकडून वॉरिंग्टनमार्गे ग्लासगोचे, शिवाय मँचेस्टरचे, चेस्टरवरून होलिहेड बंदराकडे जाणारे, श्रूझबरीमार्गे वेल्सकडे उतरणारे आणि स्टोक-डर्बीकडचे. यॉर्कला जावं ते स्टेशन बघायला. रेल्वे बघायची असेल तर क्रू.

या गावाचं आणि रेल्वेचं नातं भुसावळच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. ४ जुलै १८३७ ला ग्रँड जंक्शन रेल्वेची पहिली गाडी इथे थांबली, तेव्हा आजूबाजूला शेतं होती. जवळच्या क्रू हॉल या वाड्यावरून स्टेशनाला नाव मिळालं आणि स्टेशनावरून पुढे गावाला. १८४० च्या दशकात कंपनीने इंजिनांचा कारखाना इथे आणला आणि त्याच्यामागून कामगारांची घरं, चर्च, शाळा आल्या. डिसेंबर १९५८ मध्ये शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर पडेपर्यंत या कारखान्याने सात हजारांवर इंजिनं बांधली होती. गावातल्या फुटबॉल क्लबला आजही ‘रेल्वेमेन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाजलेल्या एका म्युझिक हॉल गाण्यातली बाई निघते बर्मिंगहॅमला आणि गाडी तिला नेते क्रूला. इंग्रजांच्या विनोदात हे गाव तेव्हापासून आहे. तिथे मुद्दाम कुणी जात नाही, गाडी बदलायला उतरतात.

मुद्दाम जाणारे फक्त आम्ही.

या छंदाचा जन्म मोठा मजेशीर आहे. १९४२ साली, ऐन युद्धात, लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातल्या सदर्न रेल्वेच्या कचेरीत इयन अ‍ॅलन नावाचा विशीतला कारकून काम करत होता. शाळेत असताना एका अपघातात त्याचा पाय गेला होता. रेल्वेतल्या ज्या नोकरीचं स्वप्न त्याने पाहिलं होतं ती मिळाली नाही, टेबलावरचं काम मिळालं. लोक कचेरीला पत्रं पाठवून विचारत: अमुक इंजिनाचा नंबर काय, ते कधी बांधलं, कोणत्या वर्गातलं? तीच तीच उत्तरं लिहून कंटाळलेल्या अ‍ॅलनने साहेबांना सुचवलं, एकदाच यादी छापून टाकू. साहेबांनी मनावर घेतलं नाही. मग त्याने स्वतःच दोन हजार प्रती छापल्या, एक शिलिंग किंमत ठेवली, आणि त्या हातोहात खपल्या. पुढे प्रत्येक कंपनीच्या इंजिनांच्या अशाच खिशात मावणाऱ्या पुस्तिका निघाल्या. पोरं त्या घेऊन फलाटावर, पुलांवर, कुंपणांवर बसू लागली. दिसलेल्या नंबराखाली रेघ मारायची, एवढाच खेळ. आधी कधी न दिसलेला नंबर दिसला की त्याला ‘कॉप’ म्हणायचं. १९४४ मध्ये टॅमवर्थला रुळांवर उतरलेल्या पोरांवरून गहजब झाला, तेव्हा अ‍ॅलनने या मुलांचा क्लब काढला. त्यात यायचं तर रेल्वेच्या हद्दीत घुसणार नाही असं वचन द्यावं लागे.

आता यात डोकं ते काय, असं विचारणारे तेव्हाही होते. नंबर टिपून करायचं काय? याचं उत्तर क्रूमध्ये मिळतं. वाफेच्या काळात प्रत्येक इंजिनाच्या तोंडावर त्याच्या शेडची छोटी बिडाची पट्टी असे. ५ए म्हणजे क्रू नॉर्थ, ५बी म्हणजे क्रू साउथ. पंधरा वर्षांच्या पोराने ती पट्टी वाचली, नंबर टिपला, वेळ लिहिली, की हे इंजिन कुठलं, आज इतक्या लांब कसं आलं, कुणाच्या बदली आलं, याचा हिशेब त्याच्या डोक्यात सुरू होई. वर्षभराने त्याला देशाच्या वाहतुकीची जी समज येई, ती शाळेच्या भूगोलाने आली नसती. नंबर हे निमित्त होतं. रेल्वे वाचता येणं ही खरी कमाई होती.

आणि ब्रिटिश रेल्वे वाचता येते, कारण ती वाचता यावी अशीच लिहिलेली आहे. प्रत्येक गाडीला चार अक्षरांची खूण असते. पहिला आकडा १ असेल तर जलद प्रवासी गाडी, २ असेल तर थांबत जाणारी, ५ म्हणजे रिकामे डबे, ० म्हणजे नुसतं इंजिन. ४ म्हणजे ताशी ७५ मैलांनी धावू शकणारी मालगाडी, ६ म्हणजे ६० मैलांची. दुसऱ्या जागी ‘एस’ असेल तर स्वारी बहुधा स्कॉटलंडला निघाली आहे. इंजिनाच्या नंबरातले पहिले दोन आकडे त्याचा वर्ग सांगतात. २०१२ पासून रेल्वेने गाड्यांच्या हालचालींची माहिती सर्वांना खुली केली आहे, त्यामुळे मालगाडी कुठल्या सिग्नलापाशी खोळंबली आहे ते फलाटावरचा म्हातारा मोबाइलवर बघून सांगतो. इंग्लंडमध्ये अणुभट्ट्यांतलं वापरलेलं इंधन जाड पोलादी पिंपांत भरून रेल्वेनेच सेलाफील्डला नेतात, आणि हे काम करणाऱ्या कंपनीचं मोठं शेड क्रूमध्येच आहे. ‘फ्लास्क कधी येतोय?’ असं चहा पिता पिता विचारणारी माणसं बघून पहिल्यांदा मी चपापलो होतो. आपल्याकडे असा प्रश्न कुणी फलाटावर मोठ्याने विचारणार नाही.

आपली लिपी काही कमी बोलकी नाही, हेही सांगायला हवं. ‘डब्ल्यूएपी-७’ मध्ये डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी. ‘डब्ल्यूएजी-९’ मधला जी मालगाडीचा. इंजिनाच्या अंगावर कल्याण, अजनी, भुसावळ असं शेडचं नाव लिहिलेलं असतं. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या किती जणांनी ते वाचलं असेल?

क्रूमध्ये मला सर्वांत जवळचा वाटलेला आवाज एका कुरूप इंजिनाचा आहे. क्लास ६६ हे तिथल्या मालगाड्यांचं डिझेल इंजिन. १९९८ पासून शेकड्यांनी आलेलं, सगळीकडे दिसणारं आणि म्हणून जुन्याजाणत्यांना नकोसं झालेलं. छपराच्या आकारावरून त्याला ‘शेड’, म्हणजे अंगणातली पत्र्याची खोपटी, असं टोपणनाव पडलं आहे. फलाटाच्या दक्षिण टोकाला एक ६६ कंटेनरांची लांबलचक रांग घेऊन लाल सिग्नलला उभं होतं. सिग्नल पिवळा झाला, इंजिनाने खोल घसा खाकरला, मग तो ठोक्याठोक्याने चढत जाणारा, छातीत घुमणारा आवाज. हा आवाज मी पुण्यात ऐकला होता. अमेरिकेच्या ईएमडी कंपनीचं ७१० मालिकेचं टू-स्ट्रोक इंजिन आपल्या डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ मध्ये आहे, तेच ६६ मध्ये. आपल्याकडे सोळा सिलिंडर, त्यांच्याकडे बारा, म्हणून त्यांचा सूर थोडा हलका. माझ्या शेजारचे गृहस्थ कंटाळून जांभई देत होते, आणि मी मात्र ती जड, संथ पहिली खेच आणि एकामागून एक ताणत जाणाऱ्या कपलिंगांचा खडखडाट अनुभवत, शेवटच्या वाघिणीवरचा मिणमिणता लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत जागचा हललो नाही. यांतली बहुतेक इंजिनं कॅनडातल्या लंडन नावाच्या शहरात बांधली, हेही त्या गृहस्थांनीच सांगितलं, तेही जांभई पुरी करून.

पाहुण्याचा फायदा हाच. तिथल्यांना जे रोजचं, ते त्याला नवं. आणि जे त्यांना परकं वाटतं, त्यातलं थोडं तो घरून ओळखत असतो. तिथले रूळ ४ फूट ८½ इंचांचे, आपले ५ फूट ६ इंचांचे, त्यामुळे त्यांचे डबे आपल्याला आधी खेळण्यातले वाटतात. वरची तार मात्र तीच, २५ हजार व्होल्टची. मँचेस्टर-क्रू मार्गावर ती १९६० मध्ये आली. मुंबईच्या लोकलला १९२५ पासूनची १५०० व्होल्टची डीसी वीज सोडून पूर्णपणे तिथे यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

क्रूच्या फलाटावर पाहुण्याला हमखास ऐकवली जाणारी गोष्ट २९ जून १९३७ ची आहे. एलएमएस कंपनीने ‘कॉरोनेशन स्कॉट’ ही नवी गाडी पत्रकारांना दाखवायला लंडनहून क्रूला आणली. पुढे क्रूच्याच कारखान्यात नुकतंच तयार झालेलं ‘कॉरोनेशन’ हे इंजिन. प्रतिस्पर्धी कंपनीचा विक्रम मोडायचा होता, आणि तो मोडला, ताशी ११४ मैल. फक्त तो मोडला तेव्हा क्रू अगदी दोन मैलांवर आलं होतं. ब्रेक करकचून लावूनही गाडी फलाटाकडे वळणाऱ्या सांध्यांवर ५७ मैलांनी शिरली. तिथे मर्यादा होती २० ची. चाकं रुळांवर राहिली, पण स्वयंपाकाच्या डब्यातल्या कपबश्यांचा चुरा झाला. ज्या सांध्यांवर हे घडलं ते आता नाहीत. १९८५ च्या उन्हाळ्यात सात आठवडे बहुतेक स्टेशन बंद ठेवून सगळी रचना बदलली, आणि मधल्या रुळांवरून न थांबणाऱ्या गाड्या आता ८० मैलांनी जातात. तरी ही गोष्ट सांगणाऱ्याचं बोट नेमक्या त्या जागेकडे जातं.

उत्तर टोकाशी, रुळांच्या बेचक्यात, क्रू हेरिटेज सेंटर आहे. तिथे १९८१ मध्ये प्रवाशांना घेऊन जेमतेम धावलेली, वळणावर कलणारी एपीटी गाडी जतन करून ठेवली आहे. डिसेंबर १९७९ मध्ये याच जातीच्या गाडीने ताशी १६२ मैलांचा ब्रिटिश विक्रम केला होता. पुढे बिघाड, थंडी, वर्तमानपत्रांची टिंगल आणि आटलेला पैसा यांनी प्रकल्प गुंडाळला गेला. आज तिच्या शेजारून दिवसभर पेंडोलिनो गाड्या जातात. इटालियन तंत्राच्या, वळणावर तशाच कलणाऱ्या, १२५ मैलांनी धावणाऱ्या. क्रूला यायचा अतिवेगवान नवा मार्ग, एचएस-२ चा दुसरा टप्पा, ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने रद्द केला. तो विषय तिथे काढू नये, माणसं जेवणवेळ विसरतात.

या माणसांबद्दल थोडं. ‘अ‍ॅनोरॅक’ ही त्यांच्यावरची जुनी शिवी, पावसाळी जाकिटावरून पडलेली. पाठीला पिशवी, थर्मास, वही, गळ्यात कॅमेरा. बहुतेक पुरुष, बहुतेक साठीपुढचे. मुली तुरळक, पण हल्ली दिसू लागल्या आहेत. शिस्त कडक. नेटवर्क रेल या संस्थेने छंदिष्टांसाठी रीतसर सूचना काढल्या आहेत: आल्याची वर्दी द्या, पिवळ्या रेघेच्या आत उभे राहा, फ्लॅश मारू नका, गर्दीची वेळ टाळा, आणि रेल्वे कर्मचाऱ्यासारखं चमकणारं जाकीट घालू नका, ड्रायव्हरचा गोंधळ उडतो. वर असंही म्हटलं आहे की तुम्ही आमचे जादा डोळे आणि कान आहात, काही संशयास्पद दिसलं तर सांगा. कॅमेरा बाहेर काढला की गणवेशातलं कुणीतरी चौकशीला येईल या धास्तीत वाढलेल्या मराठी छंदिष्टाला हे वाचताना हेवा वाटतो.

सगळंच गोड आहे असं नाही. जुन्या आठवणींचं गुऱ्हाळ तिथे अखंड चालू असतं आणि ते फार लवकर कंटाळवाणं होतं. वाफेची इंजिनं गेली ती १९६८ मध्ये, त्यानंतर जन्मलेली माणसंही त्याबद्दल सुतकात असल्यासारखी बोलतात. दर काही वर्षांनी गाड्यांचे मालक आणि रंग बदलतात, खासगी कंपन्यांकडून आता त्या पुन्हा सरकारकडे येत आहेत, त्यावरचे वाद तर ऐकवत नाहीत. पण या मंडळींनी रडण्यापलीकडे जे करून दाखवलं, त्याला तोड नाही. वेल्समधली टॅलिथलिन ही छोटी लाइन १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. ससेक्समध्ये ब्लूबेल १९६० मध्ये सुरू झाली. वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगारवाल्याच्या आवारातून वर्गण्या काढून, जत्रेत चहा विकून, २१३ गंजकी इंजिनं सोडवून आणली. २००८ मध्ये तर ‘टॉर्नेडो’ हे अख्खं नवं वाफेचं इंजिन लोकांनी बांधून पुरं केलं. कोणता भाग कोणत्या इंजिनाचा, कोणता केव्हा बदलला, ही माहिती जुळवताना कामी आल्या त्या साध्या वह्या, पेन्सिलीने रेघा मारलेल्या.

इथे आपला विषय येतो. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची, आणि हा कारखाना क्रूच्या उत्तरेला, वॉरिंग्टनच्या पलीकडे न्यूटन-ले-विलोजजवळ होता. दख्खनच्या राणीची सुरुवातीची विजेची इंजिनं मेट्रोपॉलिटन-विकर्सची, मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमधली. आज क्रूवरून जाणाऱ्या कंटेनरगाड्यांपैकी कित्येकींचं ठिकाण तेच ट्रॅफर्ड पार्क आहे. कर्जतच्या घाटात मालगाड्यांना रेटा देणारी, सांध्यांत वळणारी ‘खेकडा’ इंजिनं काही स्वित्झर्लंडची, बहुतेक व्हल्कनची. व्हल्कनचा ग्राहक कोण, किती इंजिनं, कोणत्या साली, हे इंग्लंडमध्ये कुणीही हौशी माणूस सांगतो. तीच खेकडी सदतिसाला एक चढावर, भर पावसात, ओल्या रुळांवर चालवणाऱ्या कर्जतच्या ड्रायव्हरांनी काय काय केलं, चाक घसरलं तर वाळू कधी सोडायची, उतारावर ब्रेक कसा राखायचा, हे लिहिलेलं शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं. क्रूहून परतल्यावर मला हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचली, आणि पुस्तक लिहायचं ठरलं ते त्यामुळे.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल दोन शब्द. पहिला भाग क्रूच्या एकेका फलाटाचा आहे, तो सलग वाचला नाही तरी चालेल. दुसऱ्यात गाड्यांच्या खुणा आणि नंबर कसे वाचायचे ते आहे, तो मात्र सोडू नये. तिसऱ्यात इंग्लंडमधली इतर जागा आहेत आणि त्यांतली यॉर्कची पानं मुद्दाम थोडी ठेवली आहेत. तांत्रिक शब्द आपल्या रेल्वेत बोलले जातात तसेच घेतले आहेत. शेडला शेड आणि सिग्नलला सिग्नलच म्हटलं आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात किंवा ओळखीत रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन, स्टेशनमास्तर असतील, विशेषतः कर्जत, इगतपुरी, भुसावळ, मिरज या भागांतले, तर त्यांच्या ड्यूटीच्या वह्या, जुनी कामकाजाची वेळापत्रकं, शेडमधले फोटो रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांच्यापाशी बसा, कोणतं इंजिन कोणत्या साली चालवलं ते विचारा, आणि नंबर, तारीख, जागा यांसह लिहून ठेवा.